'सेल्फ घेत नाही': मुंबईच्या उपनगरांतील एका निदानविद्येचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांतल्या गॅरेजांत गाडी चालू न होण्याची तक्रार दोनच वाक्यांत मांडली जाते. पहिले वाक्य 'सेल्फ घेत नाही' आणि दुसरे 'सेल्फ घेते, पण पकडत नाही'. पहिल्या तक्रारीत इंजिन फिरतच नाही. किल्ली फिरवली की एखादा 'खट्' आवाज येतो, नाहीतर तोही येत नाही. दुसऱ्या तक्रारीत इंजिन घरघर फिरते, पण स्वतःच्या बळावर धावू लागत नाही. पहिल्या वाक्यावर मिस्त्री बॅटरी, तारा, सोलेनॉइड आणि स्टार्टर मोटर यांच्या मागे लागतो. दुसऱ्यावर तो बॅटरीचा नाद सोडून ठिणगी, पेट्रोल आणि दाब यांकडे वळतो. ऐकायला साध्या वाटणाऱ्या या दोन वाक्यांत अर्धे निदान उरकलेले असते. हे वर्गीकरण कोणत्याही पुस्तकाने उपनगरांना शिकवले नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून घाटकोपरमार्गे मुलुंडपर्यंत ते तोंडातोंडी घडले आणि तोंडातोंडीच टिकले.

'सेल्फ' हा 'सेल्फ स्टार्टर' या जोडशब्दाचा पहिला अर्धा भाग. तो वेगळा उच्चारावा लागला, कारण त्याआधी गाडी चालू करण्याचा दुसरा मार्ग होता: हँडल. मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी १८९८च्या सुमारास आल्या. त्या आणि पुढची काही वर्षे आलेल्या मोटारी बहुतेक हँडल मारूनच चालू होत. रेडिएटरच्या खालच्या छिद्रातून लोखंडी हँडल आत घालायचे, ते क्रँकशाफ्टच्या टोकाला अडकले की खालून वर ओढायचे. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, हा पहिला धडा असे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देई आणि मनगट किंवा अंगठा मोडे. म्हणून ठिणगीची वेळ मागे घेणारा दांडा आधी 'रिटार्ड'वर आणावा लागे.

हँडलचा आणखी एक उपयोग होता, आणि तो आजच्या वाचकाला सहसा ठाऊक नसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये चार वेळा दाब तयार होतो. इग्निशन बंद ठेवून हँडल सावकाश फिरवले की तळहाताला चार अडथळे जाणवतात. चारही सारखे लागले तर व्हॉल्व्ह आणि रिंगा ठीक आहेत. तीन घट्ट आणि एक पोकळ लागला तर एखादा व्हॉल्व्ह जळला आहे किंवा हेड गॅस्केट फुटले आहे. म्हणजे हँडल हे चालू करण्याचे साधन होते आणि तपासणीचेही. पुढे सेल्फ आला, तरी अनुभवी हात गाडीच्या डिकीतले हँडल या दुसऱ्या कामासाठी काढत राहिले.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. केटरिंगची कंपनी 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज' होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे 'डेल्को' हे रूप प्रचलित झाले. बॅटरी, कॉईल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांवर चालणारी इग्निशनची व्यवस्थाही केटरिंगचीच. ती जगभर सुमारे साठ वर्षे जवळजवळ तशीच राहिली. मुंबईच्या गॅरेजांत या इतिहासाची एक खूण अजून जिवंत आहे. प्लगांना क्रमाने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला इथला मिस्त्री 'डेल्को' म्हणतो. गाडी इटालियन वळणाची असो की इंग्रजी, त्यातला डिस्ट्रिब्युटर मद्रासला बनलेला असो की बंगळुरूला, नाव डेल्कोच. ग्रांथिक मराठीने 'अंतर्ज्वलन एंजिन' आणि 'ठिणगी गुडदी' असे शब्द घडवले. त्या शब्दांमागे कष्ट होते, तरी ते कोशातच राहिले. गॅरेजची भाषा वेगळ्या वाटेने गेली. इंजिनाचे 'इंजन', कार्बोरेटरचे 'कार्बेटर', स्पार्कचे 'करंट' आणि बिघाडाचे 'स्टार्टिंग ट्रबल' झाले.

१९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तेव्हा साष्टीतला बराच भाग भातखाचरे, वाड्या, मिठागरे आणि गावठाणे यांचाच होता. मोटारीच्या वाटा मुख्यतः दोन. पश्चिमेला घोडबंदर रस्ता, म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग. पूर्वेला आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. गाडी बंद पडली तर मदत मुख्यतः शहरातून यावी लागे. १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था मोटारमालकांची होती आणि रस्त्यात अडलेल्या सभासदाला मदत करणे हे तिच्या कामांपैकी एक होते. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. पण शिवडी शहरात. उपनगरांना मोटारीचे शिक्षण मिळाले ते कुर्ल्यात.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्यातल्या तिच्या कारखान्यात १९४७पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. पन्नासच्या दशकाच्या आरंभी फियाट ५०० आली आणि १९५४पासून फियाट ११००. १९५३मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने देशातच सुटे भाग बनवणाऱ्यांनाच मोटारधंद्यात राहू द्यायचे असे ठरवले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आवरते घेतले. त्यामुळे पुढची तीस वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडर यांचे राज्य राहिले, दक्षिणेकडून येणाऱ्या स्टँडर्डची थोडी भर. याच पट्ट्यात भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखाना होता. १९५८पासून सिएटचा टायरचा कारखानाही तिथेच आला. पश्चिमेला कांदिवलीत महिंद्रांच्या जीप आणि ट्रॅक्टर. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुलुंड आणि दहिसरपर्यंतची उपनगरे महापालिकेत आली. कारखाने आणि वस्ती एकमेकांच्या आधाराने वाढली.

कारखान्यातून सुटलेला किंवा निवृत्त झालेला कामगार जवळच्या रस्त्यावर गॅरेज टाकतो हे स्वाभाविक होते. दुसरी वाट शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची. कारागीर प्रशिक्षणाची देशव्यापी योजना १९५०ची. मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली इथल्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक शिकून मुले बाहेर पडू लागली. तिसरी वाट मात्र सर्वांत रुंद होती. गॅरेजातला पोऱ्या. कोकणातून, देशावरून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला बारा-चौदा वर्षांचा मुलगा आधी सुटे भाग डिझेलमध्ये धुई, मग पाने ओळखी, 'दहा-अकराचा दे' म्हटले की न बघता तोच पाना हातात ठेवी, आणि काही वर्षांनी उस्तादाच्या शेजारी बॉनेटमध्ये वाके. या मुलांचे बालपण त्यात गेले, हे नोंदवायलाच हवे. त्यांच्यापैकी अनेकांना शाळेचे तोंड पाहता आले नाही. तरीही उपनगरांतली निदानविद्या पुढे नेणारे मुख्यतः तेच.

या विद्येचा उत्तम काळ म्हणजे फियाट आणि पद्मिनीचा काळ. फियाटशी असलेला करार संपल्यावर गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १,०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. करंट वाटण्याचा क्रम १-३-४-२. शाळा न पाहिलेल्या पोऱ्यालाही तो पाढ्यासारखा पाठ असे.

'सेल्फ घेत नाही' म्हटले की पहिली तपासणी हेडलाइटची. दिवे लावून किल्ली फिरवायची आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहायचा. उजेड लालसर होत मंदावला तर बॅटरी उतरली आहे. उजेड एकदम गायब झाला आणि किल्ली सोडल्यावर परत आला तर टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहे. उजेड जसाच्या तसा राहिला आणि आवाजच नाही, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचत नाही, म्हणजे दोष किल्लीच्या स्विचात, सोलेनॉइडच्या तारेत किंवा सोलेनॉइडमध्येच. सोलेनॉइड खट् करतो पण मोटर फिरत नाही, तर कार्बन ब्रश झिजले असावेत. तेव्हा स्टार्टरच्या अंगावर पान्याने दोन हलके ठोके द्यायचे. ब्रश क्षणभर टेकतात आणि गाडी एकदा चालू होते. हा इलाज नव्हे, गाडी गॅरेजपर्यंत नेण्याची सोय. स्टार्टरचा दात, म्हणजे बेंडिक्स, फ्लायव्हीलच्या दातांत अडकून बसला असेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवायची. 'बेंडिक्स सुटला' असे म्हणत मिस्त्री हात पुसतो, तो इथे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट हिरवा, कधी निळसर फुलोरा येतो. बॅटरीतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे आणि तांबे खाल्ल्याचा तो अवशेष. उपनगरांच्या खाऱ्या दमट हवेत तो लवकर चढतो. मिस्त्री किटलीतले गरम पाणी त्यावर ओततो. फुलोरा फसफसत विरघळतो आणि खाली राखाडी शिसे दिसू लागते. मग ते टोक पॉलिश पेपरने चकचकीत घासून, नट आवळून, वर ग्रीसचा किंवा पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. अर्ध्या तासात आणि जवळपास फुकटात होणाऱ्या या कामाने किती नव्या बॅटऱ्या विकत घ्यायच्या वाचल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. प्रामाणिक मिस्त्री आणि दुसरा यांतला फरक पुष्कळदा इथेच कळे. बॅटरी खरोखर संपली आहे का हे हायड्रोमीटर सांगे. आम्लाची घनता १.२८च्या आसपास असली तर भरलेली, १.१२च्या आसपास आली तर रिकामी. सहा खणांपैकी एकाच खणाचा आकडा पडलेला असेल तर तो खण मेला, मग चार्जिंगला लावून उपयोग नाही.

बॅटरी उतरण्यामागे त्या काळी आणखी एक कारण असे. जुन्या गाड्यांना अल्टरनेटर नसून डायनॅमो होता आणि इंजिन मंद चालत असताना डायनॅमो पुरेसे चार्जिंग देत नाही. जुलैतली रात्र, अंधेरीतली कोंडी, वायपर चालू, दिवे चालू आणि गाडी तासाभरात दोन किलोमीटर सरकलेली. अशा प्रवासानंतर घरी लावलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नसे. म्हणून घाटकोपरच्या टेकड्यांच्या कडेला राहणारा मालक गाडी उतारावर तोंड करून लावी. सकाळी दुसरा गिअर, क्लच दाबलेला, हँडब्रेक सोडला, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. सपाटीवर राहणाऱ्यांसाठी शेजारी होते. 'धक्का स्टार्ट' हे सोसायटीच्या जीवनातले एक नित्यकर्म होते आणि पांढऱ्या शर्टावर काळे हात उमटले तरी त्याला नाही म्हणण्याची पद्धत नव्हती.

'पकडत नाही' या तक्रारीचे निदान अधिक रोचक. त्याचा क्रम ठरलेला: आधी करंट, मग पेट्रोल, शेवटी दाब. करंट आधी, कारण तो तपासायला मिनिटही लागत नाही. कॉईलमधून डेल्कोला जाणारी जाड तार उपसून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरायचे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. निळी, 'टक्-टक्' वाजणारी ठिणगी उडाली तर कॉईलपर्यंत सर्व ठीक. पिवळी, अशक्त ठिणगी म्हणजे पॉइंट जळलेले किंवा कंडेन्सर गेलेला. ठिणगीच नाही तर बारा व्होल्टचा बल्ब दोन तारांना जोडून केलेला टेस्ट लॅम्प बाहेर निघे आणि करंट कुठपर्यंत येतो ते एकेका सांध्यावर पाहिले जाई. पॉइंटमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. ती मोजायची पट्टी मिळत असे, पण पट्टीशिवाय नजरेने फट बसवणारे हातही पुष्कळ होते.

करंट ठीक तर पेट्रोल. कार्बेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरायची, सेल्फ मारायचा, पेट्रोलच्या पिचकाऱ्या पडतात का पाहायचे. पडत नसतील तर पंपाचा डायफ्रॅम फाटला किंवा फिल्टर तुंबला. पडत असतील तर प्लग काढून बघायचे. प्लगचे टोक निदानाचा अर्धा ग्रंथ आहे. ओले आणि पेट्रोलचा वास असलेले, तर इंजिन 'फ्लड' झाले. चोक बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की जास्तीचे पेट्रोल बाहेर पडते. कोरडे खडखडीत, तर पेट्रोल पोचतच नाही. काळे आणि तेलकट, तर रिंगा झिजल्या. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. दाब चांगला असेल तर अंगठा उडवला जातो.

ऋतूंप्रमाणे बिघाड बदलत. मे महिन्यात इंजिनाच्या धगीने पंपातल्या पेट्रोलचीच वाफ होई आणि गाडी 'एअर लॉक' घेई. टॅक्सीवाला बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवी आणि सावलीत बसून राही. दहा-पंधरा मिनिटांत वाफ निवून पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी निमूट चालू होई. हा उपाय रस्त्यावर जन्मलेला आहे आणि भौतिकशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर बरोबर आहे. पावसाळ्यात पाणी डेल्कोच्या झाकणात शिरे. झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब साचले की करंट प्लगकडे न जाता त्या ओलाव्यातून भलतीकडे पळे. झाकण काढून कोरड्या सुती फडक्याने पुसले की काम होई. पण वारंवार असे झाले की बेकलाइटवर पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी बारीक वाट जळून राही आणि मग पुसून भागत नसे. झाकणच बदलावे लागे. जूनच्या आधी डेल्कोवर प्लास्टिकची पिशवी किंवा रबरी आच्छादन बांधणारे मालक होते, ते याच अनुभवाने.

टंचाईने या विद्येला धार आणली. गाडी मिळवायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि सुटे भाग महाग. त्यामुळे भाग बदलण्याआधी तो दुरुस्त होतो का हे पाहिले जाई आणि नेमका कोणता भाग बिघडला हे ठरवण्याला किंमत होती. जळालेल्या आर्मेचरला नवी तार गुंडाळली जाई, झिजलेल्या बुशाच्या जागी खराद्याकडून पितळी बुश करून घेतला जाई. धंद्याचे पोटविभाग पडले. बॅटरीवाला, वायरमन, स्टार्टर-डायनॅमोवाला, रेडिएटरवाला, पाटेवाला, डेंटर, पेंटर. नवा माल ऑपेरा हाऊसच्या बाजारात, जुना कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. तिथे भंगारात निघालेल्या गाड्यांचे स्टार्टर, डेल्को, कार्बेटर रांगेने मांडलेले असत. ग्राहकासमोर बॅटरीला जोडून फिरवून दाखवलेला स्टार्टर हीच त्याची हमी.

उपनगरांची आणखी एक शाळा रिक्षा. शीव आणि माहीमच्या दक्षिणेला, म्हणजे शहरात, रिक्षांना परवानगी नाही. त्यामुळे हे वाहन पूर्णपणे उपनगरांचे. जुन्या पुढे इंजिन असलेल्या बजाज रिक्षेला चालकाच्या डावीकडे लांब दांडा असे, तो वर ओढून इंजिन चालू करायचे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते. तेल जास्त झाले की प्लगवर काजळी धरते आणि इंजिन पकडत नाही. प्लग काढायचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा सीटखाली नसलेला रिक्षावाला सापडणे कठीण असे. चालक हाच मिस्त्री, असे वाहन दुसरे नव्हते.

१९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. पुढच्या काही वर्षांत प्रदूषणाविषयीच्या उच्च न्यायालयातल्या प्रकरणांमुळे जुन्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीकडे वळल्या. निदानात एक नवा प्रश्न आला: 'पेट्रोलवर घेते का, गॅसवर?' गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. त्यामुळे पेट्रोलवर चालणारी आणि गॅसवर अडणारी गाडी म्हणजे प्लग किंवा त्यांच्या तारा थकल्याची खूण. उलट, सतत गॅसवरच पळणाऱ्या टॅक्सीच्या टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडून शिळे होई आणि सकाळच्या थंडीत पेट्रोलवर चालू करायची वेळ आली की कार्बेटर रुसलेला असे.

याहून मोठा बदल कार्बेटरच जाण्याचा. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली तीही कार्बेटर घेऊन, म्हणून जुने ज्ञान तिला लागू पडले. १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे 'एमपीएफआय', म्हणजे संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, सर्वत्र झाली. डेल्को गेला. पॉइंट गेले. पंप टाकीच्या पोटात जाऊन बसला. गॅरेजांच्या पाट्यांवर 'एमपीएफआय स्पेशालिस्ट' अशी अक्षरे चढली. ज्यांना ती चढवता आली नाहीत, त्यांतले बरेच जण टायर-पंक्चरकडे किंवा डेंटिंगकडे वळले. पिढीभर साठवलेली विद्या दहा वर्षांत निरुपयोगी ठरते आहे असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

या संक्रमणाच्या मधोमध २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला, कलिना, साकीनाका, अंधेरी इथे गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. माणसे गेली, घरे गेली. त्या दुःखापुढे गाड्यांची कथा लहान आहे, पण या विषयात तिला जागा आहे. पाणी ओसरल्यावर मालकाने घाईने सेल्फ मारला आणि इंजिन कायमचे गेले, असे पुष्कळ ठिकाणी घडले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला वाट मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजांत याला 'हायड्रो लॉक' म्हणतात. योग्य रीत उलटी. आधी बॅटरी सोडवायची, सगळे प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर घालवायचे, तेल आणि फिल्टर बदलायचे, वायरिंग सुकवायचे आणि सर्वांत शेवटी किल्ली. जुन्या मिस्त्रीला हे ठाऊक होते. हँडलने इंजिन फिरवण्याची सवय तिथे कामी आली. पुढे विमा कंपन्या इंजिनासाठी वेगळे पूरक कवच विकू लागल्या. अंधेरी आणि मिलन सबवेत दर पावसाळ्यात पाणी भरते. तिथे बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ न मारता ढकलत बाहेर काढावी, हा सल्ला आता उपनगरांत सर्वांना पाठ झाला आहे.

एप्रिल २०१०पासून नव्या गाड्यांत स्वनिदानाची यंत्रणा सक्तीची झाली आणि २०१३मध्ये तिचा पुढचा टप्पा आला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्याला स्कॅनर जोडला की गाडी स्वतःच आपला बिघाड आकड्यांत सांगते. पी ०३३५ हा कोड आला तर क्रँकशाफ्टची जागा कळवणाऱ्या सेन्सरच्या मार्गात दोष. तो सेन्सर गप्प बसला की संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही, म्हणून तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. लक्षण मात्र जुनेच: सेल्फ घेते, पकडत नाही. कोड दिसला म्हणून सेन्सर बदलणे हे निदान नव्हे. सेन्सर चांगला असून उंदराने त्याची तार कुरतडलेली असू शकते. मुंबईत तर तशी शक्यता बरीच, म्हणूनच बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवण्याचा घरगुती उपाय इथे रूढ झाला. कोडपासून तारेपर्यंतचा प्रवास आजही मल्टिमीटर हातात घेऊन, एकेक सांधा तपासतच करावा लागतो. टेस्ट लॅम्पच्या काळात हेच होत होते.

नव्या गाड्यांनी काही वाटा बंद केल्या आणि काही उघडल्या. ऑटोमॅटिक गाडीला धक्का स्टार्ट नाही. इंजेक्शनच्या गाडीला धक्का दिला तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापू शकतो, म्हणून जंपर केबल बरी. किल्लीतली चिप ओळखली गेली नाही तर डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते आणि सगळे सुस्थितीत असूनही गाडी चालू होत नाही. बटणाच्या गाडीत ब्रेक पुरता दाबलेला नसला तरी तेच. पंप टाकीत गेला तरी त्याला ऐकता येते. किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखाली दोनेक सेकंद गुणगुण होते. ती नसेल तर फ्यूज, मग रिले. रिले गेला आहे का हे पाहायला हॉर्नचा तसाच रिले काढून तिथे लावायचा. उपनगरी गॅरेजांत ही नवी युक्ती जुन्या युक्त्यांइतक्याच वेगाने पसरली.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन् महिने उभ्या राहिल्या. आधुनिक गाडीचे घड्याळ, अलार्म आणि संगणक बंद अवस्थेतही थोडा थोडा करंट घेत राहतात. निर्बंध सैल झाले तेव्हा बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या आवारांतून तीच तक्रार उठली आणि पहिल्यांदा बोलावणे आले ते बॅटरीवाल्याला.

पद्मिनीचे उत्पादन २०००च्या आसपास थांबले. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा लागू असल्याने २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यात कारखान्याची आठवण प्रीमियर रोड या नावात उरली आहे. डेल्कोचे झाकण ओळखू न शकणारी मुले आता आयटीआयमध्ये विजेच्या गाड्यांचे पाठ घेऊ लागली आहेत. विजेच्या गाडीला स्टार्टर नाही, प्लग नाही, फिरवण्यासारखे इंजिनच नाही. पण तिच्या मोठ्या बॅटरीचा मार्ग उघडणारा स्विच आणि तिचे संगणक एका लहान बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. मिस्त्री बॉनेट उघडून पहिल्यांदा तिचेच टर्मिनल हलवून पाहतो.